जोडीनें बाहेर पडणें

मार्केट यार्डांत अडतीचें दुकान चालविणाऱ्या एका वृद्ध वाचकांनीं आम्हांस पत्र लिहिलें आहे. आपलें नांवगांव प्रसिद्ध करूं नये अशी त्यांची इच्छा आहे व ती आम्ही पाळतों. पत्राचा मजकूर असा कीं, त्यांच्या धाकट्या चिरंजीवांचें लग्न गेल्या वैशाखांत झालें. कुलाचाराप्रमाणें नवरानवरी जेजुरीस जाऊन आलीं, घरीं सत्यनारायण झाला, आणि आठव्या दिवशीं मुलगा दुकानीं व सून स्वयंपाकघरांत रुजू झाली. आतां पांच महिने लोटल्यावर, सोयाबीनची आवक सुरू होण्याच्या ऐन तोंडावर, मुलानें आठ दिवसांची रजा मागितली आहे. आणि तीहि अशी कीं, दोघांनींच कोंकणांत जावें. बरोबर आई नको, धाकटी बहीण नको, पाहुणेमंडळी नकोत. हें ऐकून घरांत जें व्हावयाचें तें झालें. मातोश्रींनीं अबोला धरला, थोरल्या सूनबाईंनीं "आम्हांला नाहीं कोणी विचारलें तें?" असा प्रश्न केला, आणि वडिलांनीं आमच्याकडे धांव घेतली. ते लिहितात, "आमच्या वेळीं असलें कांहीं नव्हतें, तरी आमचा संसार बेचाळीस वर्षें सुरळीत चालला आहे. हिनें अद्यापि समुद्र पाहिलेला नाहीं, पण त्यावांचून तिचें कांहीं अडलें नाहीं. आपण सुधारणेचा कैवार घेतां. तर बायकोस घेऊन वाळूंत फिरणें ही कोणत्या जातीची सुधारणा, हें एकदां सांगावें."

प्रश्न सरळ मनानें विचारला आहे, तेव्हां उत्तरहि सरळ दिलें पाहिजे. हा कांहीं एकट्या अडत्यांच्या घरांतला वाद नव्हे. आमच्या शहरांतील शंभर दुकानांच्या मागल्या खोल्यांतून आज हाच वाद दबक्या आवाजानें चालला असेल, हें आम्ही पैजेनें सांगतों.

नवराबायकोनें मिळून प्रवास करणें ही विलायतेंतून आलेली चैन आहे, अशी पत्रलेखकांची समजूत दिसते. 'मधुचंद्र' हा शब्द इंग्रजीवरून पाडलेला आहे हें आम्हांस मान्य आहे. पण शब्द परका म्हणून वस्तुहि परकी, असें होत नाहीं. ज्या जेजुरीस त्यांचा मुलगा व सून नुकतीं जाऊन आलीं, तेथें नवरा नवरीस उचलून घेऊन गडाच्या पायऱ्या चढतो. पांच तरी पायऱ्या चढल्याच पाहिजेत असा लोकांचा आग्रह असतो, भोंवतीं भंडारा उधळला जात असतो, आणि सगळी वऱ्हाडी मंडळी कौतुकानें पाहत असते. जिच्याशीं घरीं वडीलमाणसांदेखत धड दोन शब्द बोलण्याची चोरी, तिलाच भर गर्दींत उचलून घेण्याची ही आज्ञा आमच्याच कुलाचारानें केली आहे. परस्परांस अनोळखी अशा दोन जिवांनीं घराबाहेर पडावें, कांहीं थोडे श्रम मिळून करावे, थोडें हंसावें, थोडें धापा टाकावें, म्हणजे त्यांचें परकेपण जातें, एवढें ज्ञान आमच्या पूर्वजांस होतें. तीर्थाच्या पाण्यांत उपरण्यास पदर बांधून स्नान करणें, वारींत जोडीनें चालणें, हीं त्याच ज्ञानाचीं रूपें होत. उणीव होती ती एवढीच कीं, देवाचें निमित्त असल्यावांचून दोघांनीं एकत्र दिसणें हा अविनय ठरला होता. पुरुषांची करमणूक कट्ट्यावर, तालमींत, क्लबांत. बायकांची मंगळागौरींत व हळदीकुंकवांत. नाटकगृहांत दोघें एकाच दारीं पोंचलीं तरी बायकांची बसण्याची सोय निराळी असे. दिवसभराच्या सोळा तासांत जीं दोघें एकमेकांचें नांवसुद्धां घेत नसत, त्यांनीं तें घ्यावें एवढ्यासाठीं उखाण्याची योजना करावी लागली!

या भिंतीस पहिलीं भगदाडें पडलीं तीं बहुतकरून प्रवासानेंच. रमाबाई रानडे यांच्या १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आठवणी आमच्या अनेक वाचकांनीं वाचल्या असतील. १८७३ सालीं त्यांचा विवाह झाला तेव्हां त्या अकरा वर्षांच्या होत्या व माधवराव एकतिशींत पोंचले होते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्यानें स्वतः मात्र कुमारिका वरली म्हणून सुधारकांनींच त्यांस बोल लावला, आणि तो बोल खोटा नव्हता. अशा विषम जोडींतून पुढें जो स्नेह उत्पन्न झाला, त्याचा हिशेब लावूं गेल्यास आमच्या मतें त्यांतला मोठा वांटा फिरतीच्या नोकरीचा आहे. पुण्याच्या वाड्यांत रमाबाईंच्या हातीं पुस्तक दिसलें कीं घरांतल्या वडील बायकांचे टोमणे सुरू होत. फिरतीवर तो जाच नव्हता. तेथें शिकवणारा व शिकणारी यांच्यामध्यें तिसरें कोणी नसे. १८८६ सालीं माधवराव सरकारच्या फायनान्स कमिटीवर नेमले गेले व त्या कामानिमित्त उभयतांचें कलकत्त्यास राहणें झालें. तेथें माधवरावांनीं बंगाली शिकण्यास आरंभ केला, हजामत चालू असतां हातीं पुस्तक धरून न्हाव्याकडून उच्चार दुरुस्त करून घेऊं लागले, आणि पुढें तीच भाषा त्यांनीं रमाबाईंसहि शिकविली. पुढें ज्यांस हायकोर्टाचें न्यायासन मिळावयाचें होतें ते गृहस्थ न्हाव्यापुढें विद्यार्थी होऊन बसलेले पाहण्याची मौज बायकोस घरच्या माजघरांतून कधीं लाभली असती काय? नवरा हा हंसण्याजोगाहि असूं शकतो, हें ज्या बायकोस कळलें, तिच्या मनांतलें भय गेलें. आणि भय गेल्यावांचून प्रीति राहावयास येत नाहीं.

आनंदीबाई जोशी यांची गोष्ट याहून कडू आहे. गोपाळराव पोस्टांतले नोकर. त्यांच्या बदल्यांबरोबर आनंदीबाई अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर अशा फिरल्या. नवऱ्याबरोबर उघड्यावर फिरावयास जावें तर रस्त्यांतले लोक टवाळी करीत. १८८३ सालीं अमेरिकेस जाण्यापूर्वीं श्रीरामपुरास त्यांनीं जें जाहीर भाषण केलें, त्यांत या छळाचें गाऱ्हाणें आहे. एक गोष्ट मात्र येथेंच सांगून टाकूं. गोपाळरावांचा स्वभाव अतिशय तापट होता, आणि एकत्र फिरणें म्हणजे एकत्र सुखी असणें नव्हे. आमचें म्हणणें सहलीनें कोणीहि देवमाणूस होतो असें मुळींच नाहीं.

आतां पत्रलेखकांच्या मुख्य मुद्द्याकडे वळूं. "तरी आमचा संसार मोडला नाहीं" हा तो मुद्दा. आम्ही कायद्याच्या पुस्तकांत वाढलेलों असल्यामुळें या वाक्यानें आम्हांस रखमाबाईंचा खटला आठवतो. १८८४ सालीं दादाजी भिकाजी यांनीं मुंबईच्या हायकोर्टांत दावा लावला कीं, लहानपणीं लग्न झालेली आपली बायको आपल्याकडे नांदावयास येत नाहीं, तिला पाठवावें. १८८७ सालीं कोर्टानें हुकूम केला कीं, नवऱ्याकडे जा, नाहींतर सहा महिने तुरुंगांत जा. त्या मानी बाईनें तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ सालीं दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. सहवासाच्या हक्काची ती तरतूद १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याच्या ९ व्या कलमानें निराळ्या भाषेंत पुढें चालविली. कोर्ट फार तर एका छपराखालीं राहण्याचा हुकूम करूं शकेल. एकमेकांच्या संगतींत रमण्याचा हुकूम काढणारें कोर्ट अद्यापि स्थापन झालेलें नाहीं. तेव्हां 'संसार मोडला नाहीं' हा पुरावा फार तोकडा आहे. दुकानाचें दिवाळें निघालें नाहीं याचा अर्थ दुकान नफ्यांत आहे असा कोणताहि व्यापारी करीत नाहीं. मग घराच्या बाबतींतच हा हिशेब कां पुरावा?

हल्लीं या विषयाचा शास्त्रीय तपासहि झाला आहे. आर्थर ॲरन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं २००० सालीं कांहीं प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत जोडप्यांचा एकेक हात व पाय एकमेकांस बांधून, दोघांच्या अंगांमध्यें एक उशी हात न लावतां धरून, ठराविक वेळांत गाद्यांवरून व अडथळ्यावरून रांगत जाण्यास सांगितलें. दुसऱ्या जोडप्यांस नुसता चेंडू हळूहळू ढकलण्याचें कंटाळवाणें काम दिलें. जीं धडपडलीं, पडलीं, हंसलीं, त्यांचें परस्परांविषयींचें समाधान दुसऱ्यांपेक्षां अधिक वाढलेलें आढळलें. जेजुरीच्या पायऱ्या ज्यांनीं चढल्या आहेत त्यांस हा प्रयोग नवा वाटावयाचा नाहीं. याच मंडळींनीं १९९३ सालीं आणखी एक तपास केला होता. दहा आठवडे, आठवड्यास दीड तास, कांहीं जोडप्यांनीं आपल्या नित्याच्या आवडीचें कांहीं करावें व कांहींनीं नवें, उत्साह वाढविणारें कांहीं करावें, अशी योजना होती. समाधान वाढलें तें नवें करणाऱ्यांचें. आठवड्यास दीड तास! यांत महाबळेश्वरचें बंगलेभाडेंहि नाहीं व विमानाचें तिकीटहि नाहीं.

परंतु त्याच शास्त्रांत पुरुषांचे कान उपटणारीहि एक गोष्ट निघाली आहे. २००२ सालीं अमेरिकेंतच अनेक वर्षें माग ठेवलेल्या जोडप्यांच्या माहितीवरून असें दिसून आलें कीं, नवऱ्यास आवडणाऱ्या व बायकोस न आवडणाऱ्या करमणुकींत तिला बरोबर नेलें म्हणून तिचें समाधान वाढत नाहीं, उलट घटतें. म्हणजे सहल कोणाच्या आवडीची हा प्रश्न सहलीइतकाच महत्त्वाचा ठरतो. आमच्याकडील 'सहकुटुंब सहल' म्हणजे काय असते हें वाचकांनीं डोळ्यांपुढें आणावें. पुरुष सहा वाजतां उठून दाढी करून गाडींत बसतो. बाई चार वाजतां उठून दशम्या, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी बांधते, मुलांचे कपडे भरते, सासूबाईंचीं औषधें मोजून घेते, आणि देवदर्शनाहून परत आल्यावर तोच डबा घासावयास बसते. स्वयंपाकघरच चार चाकांवर घालून पन्नास कोस नेल्यास त्याला सहल कां म्हणावें? केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालविनियोग पाहणींत असें आढळलें कीं, घरचें बिनमोल काम करणारी स्त्री त्यांत दिवसाचीं २८९ मिनिटें घालते, आणि असें काम करणारा पुरुष ८८. २०१९ सालीं हेच आंकडे २९९ व ९७ असे होते. पांच वर्षांत बाईचीं दहा मिनिटें कमी झालीं, पण पुरुषाचीं नऊ वाढण्याऐवजीं तींहि कमीच झालीं. जिच्यापाशीं सवडच नाहीं, तिच्याबरोबर सवड घालविण्याच्या गोष्टी व्यर्थ आहेत. म्हणून चिरंजीवांसहि आमचें सांगणें आहे कीं, कोंकणांत जाऊन आल्यावर घरीं ताट उचलून ठेवण्याचा विसर पडूं देऊं नये.

एकांताचा प्रश्न याच्याशींच निगडित आहे. मुंबईच्या एका खोलींत सात माणसें, त्यांत नवें लग्न झालेलें जोडपें, ही स्थिति राजा ठाकूर यांच्या १९७० च्या 'मुंबईचा जावई' या चित्रपटानें सर्वांस हंसवीत दाखविली. तिचीच हिंदी आवृत्ति १९७२ सालीं 'पिया का घर' या नांवानें निघाली. हंसणें सोपें होतें. ज्यांस घरांत जागा नाहीं त्यांनीं समुद्राच्या कठड्यावर बसावें, तर तेथें शिट्टी वाजवीत हवालदार येतो. ऑगस्ट २०१५ मध्यें मुंबईच्या मढ बेट व अक्सा भागांतील हॉटेलांवर पोलिसांनीं छापे घालून सुमारें चाळीस जोडप्यांस चौकीवर नेलें, आणि कित्येकांवर सार्वजनिक ठिकाणीं असभ्य वर्तन केल्याचा आरोप ठेवला. भाड्यानें घेतलेली व दार लावलेली खोली ही सार्वजनिक जागा कशी झाली, हें कोडें आमच्या वकिली बुद्धीस अद्यापि उलगडलेलें नाहीं. पुढें २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निवाडा दिला. २०१८ सालीं त्याच न्यायालयानें दोन सज्ञान व्यक्तींनीं परस्परांस वरल्यावर कुटुंबाची वा जातपंचायतीची संमति आवश्यक नाहीं असें स्पष्ट केलें. आणि डिसेंबर २०१९ मध्यें मद्रास हायकोर्टानें सांगितलें कीं, अविवाहित स्त्रीपुरुषांनीं हॉटेलच्या खोलींत राहूं नये असा कोणताहि कायदा नाहीं. तरीहि २०२५ च्या आरंभीं एका मोठ्या हॉटेलवाल्या कंपनीनें मेरठ शहरांत अविवाहितांस खोली नाकारण्याची मुभा आपल्या भागीदारांस दिलीच. हे निवाडे पत्रलेखकांस रुचतील अशी आमची अपेक्षा नाहीं. पण त्यांनीं एवढें पाहावें कीं, विवाहापूर्वीं भेटूं द्यावयाचें नाहीं व विवाहानंतर एकांत द्यावयाचा नाहीं, असा दुहेरी निर्बंध घातल्यावर या दोघांची ओळख व्हावी तरी कोठें?

खर्चाचा आक्षेप मात्र आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. लग्नापूर्वींच तळ्याकांठीं भाड्याचे पोषाख घालून छायाचित्रें काढविणें, कर्ज काढून परदेशीं बेटांवर जाणें, आणि तेथें समुद्रापेक्षां आपल्याच मोबाइलकडे अधिक पाहणें, ही खुळाची साथ आहे. असली सहल जोडीदारासाठीं नसून शेजाऱ्यांसाठीं असते. पण मुलगा बाली बेटांत जाऊं म्हणत नाहीं. तो हर्णै-गुहागराकडे जाऊं म्हणतो. घरगुती खाणावळींत जेवावें, एस्. टी. नें फिरावें, सुवर्णदुर्ग पाहावा. पैसा आपल्याच मुलखांत आपल्याच माणसांच्या हातीं राहतो. स्वदेशीचा अभिमान धरणाऱ्यास यांत बोट ठेवण्यास जागा नाहीं. मार्च २०२३ पासून एस्. टी. त स्त्रियांस निम्मेंच भाडें आहे, तेव्हां नवराबायकोचा प्रवास दीड तिकिटांत होतो. अडत्यांस हा हिशेब आमच्याहून लौकर समजेल.

याच ओघांत व्यापारी बंधूंस एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. मालकाच्या मुलास आठ दिवस मिळावे कीं नाहीं याची चर्चा पत्रांत आहे. दिवाणजीचा, मापाड्याचा, हमालाचा उल्लेखहि नाहीं. त्यांसहि बायका आहेत. मुंबईच्या गिरणीकामगारांस रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० पासून, आणि ती मिळविण्यासाठीं नारायण मेघाजी लोखंडे यांस अनेक वर्षें झगडावें लागलें. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानें व आस्थापना कायद्यानें दहा किंवा अधिक नोकर असलेल्या दुकानास सातहि दिवस उघडें राहण्याची मोकळीक दिली, पण प्रत्येक नोकरास आठवड्यास एक पूर्ण दिवस सुट्टी आणि वर्षास आठ दिवस किरकोळ रजा दिलीच पाहिजे असेंहि बजावलें. मोकळीक सर्वांनीं उचलली. दुसऱ्या अटीचें काय झालें हें ज्यानें त्यानें आपल्या हजेरीबुकांत पाहावें. नोकर थोडे असल्यामुळें आपण कायद्यांतून सुटलों असें ज्यांस वाटतें, त्यांच्याशीं आम्ही कायद्याची भाषा बोलतच नाहीं. बाराहि महिने रात्रीं दहा वाजतां घरीं जाणाऱ्या माणसाची बायको त्यास ओळखते ती त्याच्या चपलांच्या आवाजावरून.

तेव्हां पत्रलेखकांस आमचें उत्तर असें. मुलास व सूनबाईस दोघांनाच जाऊं द्यावें. आवकेचा हंगाम टाळावयाचा असल्यास तो टाळा, पण दिवाळीच्या पाडव्यास नव्या वह्यांची पूजा झाली कीं पुढची तारीख त्याच दिवशीं ठरवून टाका; 'बघूं पुढें' असें म्हणूं नका, कारण त्या शब्दांचा अर्थ काय होतो हें तुमच्या थोरल्या सूनबाईंनीं एका प्रश्नांत सांगितलें आहे. त्यांचीहि पाळी लावा. स्थळ सूनबाईस विचारून ठरवावें. तिला समुद्र नको असून रायगड पाहावयाचा असेल तर तसें होऊं द्या. प्रवासांत दर दोन तासांनीं फोन करून "जेवलात काय" असें विचारूं नका.

आणि तीं दोघें परत आल्यावर दुकानाच्या किल्ल्या आठ दिवस मुलाच्या हातीं द्या. आपलें वय अडुसष्ट असल्याचें आपणच पत्रांत लिहिलें आहे. पासष्टीनंतर एस्. टी. त आपणांस निम्मी सवलत, व बाईंस ती आहेच. म्हणजे दोघांचें मिळून एकच तिकीट पडेल. ज्या बाईंचें समुद्रावांचून बेचाळीस वर्षें कांहीं अडलें नाहीं, त्यांस घेऊन मार्गशीर्षांत हर्णैच्या बंदरावर जावें. मासळीचा लिलाव सायंकाळीं असतो. अडत्यास तोहि पाहण्याजोगा आहे.